डबल आयपीए: कडवटपणा एक्स्ट्रॅक्टचा, वास हॉप्सचा

डबल आयपीए म्हणजे जास्त मद्याची, भरपूर हॉप्सची बिअर, आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं. डबल आयपीएची रेसिपी लिहायला घेतली की पहिला प्रश्न पडतो तो "कुठले हॉप्स घेऊ?" हा. पण या बिअरमध्ये हॉप्सची कामं दोन आहेत आणि दोन्हींची खरेदी वेगवेगळी करावी लागते. एक काम कडवटपणाचं. ते हॉप्सच्या राळेतलं अल्फा ॲसिड करतं, आणि तासभर उकळल्यावर हॉपच्या जातीची ओळख त्यात फारशी उरत नाही. दुसरं काम वासाचं. तिथे मात्र जात, पीक, तोडणीची वेळ, साठवण या सगळ्यानेच फरक पडतो. माझं मत स्पष्ट आहे: कडवटपणासाठी सीओटू एक्स्ट्रॅक्ट (कार्बन डायऑक्साइडने काढलेला हॉप्सचा अर्क) घ्या आणि हॉप्स निवडण्याची सगळी मेहनत वासासाठी राखून ठेवा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. घरी बिअर बनवणं जिथे कायदेशीर आहे, तिथल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिलं आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती बनवता येते, विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना यातला उपयोग मायक्रोब्रूअरीतला ग्लास नीट ओळखण्यापुरताच.

डबल आयपीएचं श्रेय बहुतेक वेळा विनी सिलर्झो यांना दिलं जातं. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात टेमेक्युला इथल्या ब्लाइंड पिग ब्रूअरीत त्यांनी पहिल्याच बिअरला हॉप्स दाबून घातले होते. पुढे रशियन रिव्हर ब्रूइंगमध्ये त्यांनी प्लिनी द एल्डर केली आणि ती या प्रकाराचा मापदंड झाली. त्या बिअरचा मूळ कडवटपणा हॉप एक्स्ट्रॅक्टमधून येतो, हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कारखानदारांची काटकसर, खरा ब्रूअर पानाफुलांनीच करतो, असं अजूनही ऐकू येतं. ज्यांना असं वाटतं त्यांनी ती बिअर एकदा प्यावी.

आता हिशेब. फर्मेंटरमध्ये २१ लिटरच्या आसपास जाईल असा घाणा धरू, म्हणजे उकळी संपताना केटलमध्ये २३ लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) आणि ओजी, म्हणजे सुरुवातीचं गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता), १.०७४. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत या प्रकाराची कडवटपणाची मर्यादा ६० ते १०० आयबीयू आहे. एक आयबीयू म्हणजे साधारण लिटरला एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा, अल्फा ॲसिड उकळून बनणारं कडू रूप. आपण उकळीतून ६० घेऊ, व्हर्लपूलमधून (उकळी थांबल्यावर गरम वर्टमध्ये हॉप्स ठेवतात ती पायरी) १५ च्या आसपास आपोआप येतील.

बहुतेक ब्रूइंग सॉफ्टवेअर ग्लेन टिन्सेथचं सूत्र वापरतात. त्याप्रमाणे १.०५० च्या वर्टमध्ये ६० मिनिटांच्या उकळीत अल्फा ॲसिडपैकी सुमारे २३ टक्के कामी येतं. १.०७४ ला तोच आकडा साडेअठरावर घसरतो. वर्ट जितका दाट, तितकं अल्फा जास्त वाया जातं. नेहमीच्या पेल एलच्या अंदाजाने हॉप्स घातलेली डबल आयपीए गोडसर का लागते, त्याचं अर्धं कारण इथेच सापडतं.

६० आयबीयू गुणिले २३ लिटर म्हणजे १,३८० मिलिग्रॅम आयसो-अल्फा बिअरमध्ये हवं. साडेअठरा टक्क्यांनी भागलं की साधारण ७.४ ग्रॅम अल्फा ॲसिड केटलमध्ये टाकावं लागतं. हे ७.४ ग्रॅम कशातून घ्यायचं ते तुमच्या हातात आहे. १५ टक्के अल्फाच्या कोलंबस जातीचे हॉप्स घेतले तर ५० ग्रॅम लागतील. १३ टक्क्यांचा मॅग्नम ५७ ग्रॅम, १० टक्क्यांचा सेंटेनियल ७४ ग्रॅम, आणि ६ टक्क्यांचा कॅस्केड तब्बल १२४ ग्रॅम. ६० टक्के अल्फा असलेला सीओटू एक्स्ट्रॅक्ट मात्र साडेबारा ग्रॅमला थोडा कमीच.

केटलमध्ये पेलेट्स (हॉप्स दळून दाबून केलेल्या गोळ्या) फुगून वर्ट धरून ठेवतात. एका ग्रॅममागे पाच-सहा मिलिलिटर धरले तर कोलंबसमुळे २५० ते ३०० मिलिलिटर वर्ट गाळात जातो आणि कॅस्केडमुळे पाऊण लिटर. घरच्या मापात कोलंबसऐवजी एक्स्ट्रॅक्ट घेतल्याने एखादी बाटलीच वाचते, त्यामुळे फक्त वाचलेल्या वर्टसाठी एक्स्ट्रॅक्ट घ्या असं मी म्हणणार नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे. त्या ५० ग्रॅम पाल्यातून तासभराच्या उकळीत पॉलिफेनॉल उतरतात. साध्या पेल एलमध्ये ते खपून जातात. इथे पुढे व्हर्लपूलमध्ये १०० ग्रॅम आणि ड्राय हॉपला, म्हणजे न उकळता थेट फर्मेंटरमध्ये, १६० ग्रॅम पाला जायचाच आहे. त्यात आणखी भर पडली की जिभेच्या कडांना जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा जाणवतो. एक्स्ट्रॅक्टमध्ये राळ असते, पाला नसतो. शिवाय केटलच्या तळाशी गाळ कमी साचतो, नळ तुंबत नाही आणि प्लेट चिलर (वर्ट थंड करण्याचं यंत्र) असेल तर तोही सुटतो.

सीओटू एक्स्ट्रॅक्ट बनतो कसा, तर जोरदार दाबाखाली द्रव किंवा सुपरक्रिटिकल अवस्थेतला कार्बन डायऑक्साइड हॉप्समधून फिरवतात. त्यात राळ आणि तेलं विरघळतात, पाला आणि बहुतेक टॅनिन मागे राहतं. दाब सोडला की वायू उडून जातो आणि खाली मधासारखा दाट, सोनेरी ते गडद तपकिरी-हिरवट चिकटा उरतो. यातलं अल्फा अजून कच्चंच असतं. त्याचं आयसो-अल्फा व्हायला, म्हणजे ते आयसोमराइज व्हायला, उकळी लागतेच, म्हणून हा एक्स्ट्रॅक्ट उकळीच्या सुरुवातीला जातो. शेवटच्या दहा मिनिटांत टाकून काही उपयोग नाही.

दुकानात याच्याच शेजारी आयसोमराइज्ड एक्स्ट्रॅक्टची बाटली असते आणि खूप जण दोन्हींत गोंधळ करतात. आयसोमराइज्डमध्ये उकळीचं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. तो बहुधा ३० टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण म्हणून मिळतो आणि फर्मेंटेशननंतर घालतात. तयार बिअर कडवटपणात कमी पडली तर तो अगदी कामाचा. २० लिटरमध्ये १ मिलिलिटर घातला तर सुमारे १५ मिलिग्रॅम प्रति लिटर भर पडते, त्यातला थोडा वाया जातो. पण आधी ग्लासात चाखून बघा: १ मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलिलिटर करा, त्यातलं सव्वा मिलिलिटर २५० मिलिलिटर बिअरमध्ये ढवळा. तेवढ्यात तीच १५ ची भर कळते. नळाचं जड पाणी घेऊ नका, त्यातल्या कॅल्शियममुळे द्रावण फाटून गढूळ होतं.

सीओटू एक्स्ट्रॅक्ट हाताळायचा सराव लागतो. सिरिंज फ्रीजमधून काढली की आतला माल इतका घट्ट असतो की दट्ट्या हलत नाही. जोर लावला तर टोक उडतं आणि निम्मा माल ओट्यावर. म्हणून टोपण घट्ट लावून सिरिंज ५० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा. मग पुसून कोरडी करा आणि ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. वर्टला खळखळून उकळी आली आणि पहिला फेस बसला की सिरिंज मधोमध, पृष्ठभागाच्या जरा वर धरून हळूहळू दाबा. पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे प्रत्यक्षात गेलेला माल. सिरिंजवरच्या मिलिलिटरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, दट्ट्याच्या टोकाशी आणि भिंतीला बराच माल चिकटून राहतो.

केटलच्या भिंतीला, चमच्याला, थर्मामीटरच्या दांडीला तो लागू देऊ नका. लागलेला एक्स्ट्रॅक्ट सहजी सुटत नाही आणि तेवढा कडवटपणा कमी पडतो. इलेक्ट्रिक केटलमध्ये एलिमेंटच्या अगदी वर ओतलात तर तिथे जळून बसतो. उकळी मंद असेल तर पृष्ठभागावर तेलकट चकत्या तरंगताना दिसतात. त्या विरेपर्यंत आच वाढवा. धुताना साधा साबण फारसा चालत नाही. गरम पाणी आणि ब्रूइंगचा अल्कली क्लीनर यांत अर्धा तास भिजवलं की निघतो. हाताला लागला तर आधी खाण्याचं तेल चोळा आणि मग साबण. उरलेली सिरिंज टोपण लावून फ्रीजरमध्ये ठेवली तर खूप टिकते. पेलेट्सपेक्षा कितीतरी जास्त.

पुरवठादार सिरिंजवर "एका मिलिलिटरला इतके आयबीयू" असं लिहितात. तो आकडा बहुधा साध्या, पातळ वर्टसाठी असतो. डबल आयपीएला तो जसाच्या तसा धरला तर कडवटपणा कमी पडेल. अल्फाचे टक्के बघून वरचा हिशेब स्वतः करा.

मग एक्स्ट्रॅक्ट कधी नको? बिअर ६.५ टक्क्यांची साधी आयपीए असेल आणि ३० ग्रॅम मॅग्नममध्ये भागत असेल तर सिरिंजचा खटाटोप कशाला? धूसर, रसाळ न्यू इंग्लंड धाटणीची डबल आयपीए करत असाल तर उकळीतला कडवटपणा मुळातच थोडा असतो, तिथेही पेलेट्स पुरतात. आणि कोलंबसचा उग्र, राळेसारखा कडूपणा मुद्दाम हवा असणारेही आहेत. तासभराच्या उकळीनंतर जातीचा किती ठसा उरतो यावर वाद आहेत. कोह्युम्युलोन (अल्फा ॲसिडचा एक घटक) जास्त म्हणजे कडवटपणा खरबरीत, हा जुना समज मला तरी पटलेला नाही. पण कोणाला कोलंबसच लागत असेल तर ५० ग्रॅम घालून उत्तम बिअर होते.

आता वास. इथे घाई करू नका.

अमेरिकेतल्या हॉप्सपैकी सुमारे तीन चतुर्थांश वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात, उरलेले मुख्यतः आयडाहो आणि ओरेगनमध्ये. तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालते. नवीन पिकाच्या पेलेट्स घरगुती ब्रूअरच्या हाती साधारण हिवाळ्यात पडतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचं पीक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतं, म्हणून नेल्सन सॉव्हिन किंवा गॅलेक्सी घ्यायची वेळ वेगळी. पाकिटावर पिकाचं वर्ष नसेल तर ते पाकीट घेऊ नका. यात मी सूट देत नाही. अल्फाचे टक्के नसले तर एक वेळ अंदाज बांधता येतो, वय माहीत नसेल तर काहीच बांधता येत नाही.

जातींबद्दल माझी पसंती अशी. सिम्को हा वेस्ट कोस्ट डबल आयपीएचा कणा: पाइनची राळ, ग्रेपफ्रूटची साल, आत थोडी बेरीसारखी झाक. सेंटेनियलमध्ये लिंबू आणि फुलांचा वास, कॅस्केडची दणकट बहीण म्हणा. कोलंबस म्हणजे मिरी, ओली माती आणि ताज्या राळेचा तिखट वास. एकट्याने तो अंगावर येतो, पण मिश्रणात पाचवा हिस्सा असला की बाकीचे जागेवर बसतात. सिट्रा २००८ च्या सुमारास बाजारात आला आणि त्याने लोकांच्या अपेक्षाच बदलल्या: संत्र्याची साल, लिची, पिकलेला आंबा. मोझेक ही सिम्कोची लेक. ब्लूबेरी, पपई, आणि कधीकधी कांद्याची छटा.

ही कांद्याची छटा महत्त्वाची आहे. सिम्को, मोझेक, सिट्रा या जाती वेलीवर जास्त दिवस राहिल्या की गंधकयुक्त संयुगं वाढतात आणि फळांऐवजी कांदा-लसणाचा वास येतो. म्हणून एकाच नावाची, एकाच वर्षाची दोन पाकिटं वेगळी निघू शकतात. मोठे ब्रूअर दर सप्टेंबरमध्ये याकिमाला जाऊन हातावर चोळून लॉट निवडतात ते याचसाठी. आपल्याला ती सोय नाही, पण पाकिटावर लॉट क्रमांक असतो. एखादा लॉट आवडला तर त्याच क्रमांकाची आणखी दोन पाकिटं लगेच घेऊन ठेवा.

घरी तपासायचं कसं? पाकीट उघडल्यावर चार-पाच पेलेट्स तळहातावर घ्या. रंग हिरवागार हवा. कडा तपकिरी पडल्या असतील तर हवा लागलेली आहे. कोमट पाण्याचे दोन थेंब टाकून दोन्ही तळहातांत जोरात चोळा, चांगली ऊब येईपर्यंत, आणि लगेच नाक लावा. पहिला वास सालीचा, राळेचा, फळाचा हवा. जुन्या चीजचा किंवा घामेजलेल्या मोज्यांचा वास आला तर तो आयसोव्हॅलेरिक ॲसिडचा, म्हणजे राळ ऑक्सिडाइज झाली. असा माल ड्राय हॉपला अजिबात वापरू नका. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हुंगा. तेव्हा कांदा-लसूण असेल तर बाहेर येतो.

याहून चांगली परीक्षा म्हणजे बाटलीतली. साधी, फिकी, बाजारातली लागर ३३० मिलिलिटरची बाटली बर्फासारखी थंड करा. बूच काढून १ ग्रॅम पेलेट्स टाका आणि क्षणात नवीन बूच ठोका. उशीर केलात तर सगळी बिअर फेसाळून बाहेर येते. फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवा, रोज एकदा हलक्या हाताने उलटी करा, मग चहाच्या गाळणीतून गाळून चाखा. हे प्रमाण लिटरला ३ ग्रॅमचं होतं. आपल्या ड्राय हॉपपेक्षा बरंच कमी, पण जातीचा स्वभाव समजायला पुरेसं. दोन जाती अर्धा-अर्धा ग्रॅम घालून त्यांची जोडी जमते का, तेही इथेच बघून घ्या.

पेलेट्सच्या प्रकारांबद्दल थोडं. टी-९० या नेहमीच्या. १०० किलो सुक्या फुलांतून ९० किलो पेलेट्स, म्हणून हे नाव. याकिमा चीफ हॉप्सने २०१७ मध्ये आणलेल्या क्रायो पेलेट्समध्ये फुलं अतिथंड करून ल्युप्युलिनची, म्हणजे राळ आणि तेलाच्या ग्रंथींची, पिवळी भुकटी वेगळी काढतात, पाला बराचसा बाजूला जातो. त्यांचं अल्फा आणि तेल जवळजवळ दुप्पट, म्हणून वजन निम्मं घ्यायचं. फायदा उघड आहे: ड्राय हॉपमधला पाला कमी, बिअर जास्त हाती लागते. पण सगळा ड्राय हॉप क्रायोचाच केला तर बिअर चकचकीत वासाची आणि चवीला जरा पोकळ लागते, असं माझं मत आहे. निम्मं-निम्मं छान जमतं. सिम्को टी-९० ३५ ग्रॅम आणि क्रायो १८ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅमचं काम झालं.

वासासाठीचे ओतता येणारे एक्स्ट्रॅक्टही आता मिळतात. हास कंपनीचा इनकॉग्निटो व्हर्लपूलसाठी आणि स्पेक्ट्रम ड्राय हॉपसाठी, हॉपस्टायनरचा साल्व्हो केटलच्या गरम बाजूसाठी. कडवटपणाच्या एक्स्ट्रॅक्टशी यांची गल्लत करू नका, हे एकेका जातीचे असतात आणि तेल जपून काढलेले असतात. व्हर्लपूलमध्ये पेलेट्सपैकी अर्ध्यांऐवजी घालून बघण्यासारखे नक्कीच आहेत. पूर्ण बिअर त्यांच्यावर उभी करायला मात्र मी सांगणार नाही. पाल्यातून येणारा थोडा हिरवेपणा या बिअरच्या चवीचा भाग आहे, फक्त तो मापात हवा.

माझी २३ लिटरची मांडणी अशी. फिका टू-रो माल्ट ६.४ किलो, हलका क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम, डेक्स्ट्रोज ५०० ग्रॅम. माल्टमधली साखर काढण्याची ७५ टक्के कार्यक्षमता धरली आहे. इतका दाट वर्ट काढताना ती घसरते, तेव्हा तुमची नेहमीची ७५ असेल तर माल्ट पाव-अर्धा किलो जास्त घ्या. क्रिस्टल वाढवू नका. डबल आयपीएत कॅरमलचा गोडवा हॉप्सचा वास झाकतो, आणि बिअर जुनी होताना तोच सगळ्यात आधी बिघडतो. डेक्स्ट्रोज मात्र वगळू नका. बिअर सुकी राहते ती त्याच्यामुळे. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६५ अंशांवर ६० मिनिटं. शेवटचं गुरुत्व १.०११ च्या आसपास यायला हवं, म्हणजे मद्य ८.२ टक्क्यांच्या जवळ.

पाणी आरओचं असेल तर एकूण ३० लिटरला ११ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. लिटरमागे सल्फेट २०० आणि क्लोराइड ५० मिलिग्रॅमच्या आसपास येतं, कडवटपणा टोकदार आणि लवकर संपणारा होतो.

उकळी ६० मिनिटं, सुरुवातीला एक्स्ट्रॅक्ट साडेबारा ग्रॅम. बंद केल्यावर लगेच व्हर्लपूल हॉप्स टाकू नका. आधी ८० अंशांपर्यंत उतरवा. आयसोमरायझेशनचा वेग ८० अंशांवर उकळीच्या साधारण सहाव्या हिश्शावर येतो. ९८ अंशांवर १०० ग्रॅम हॉप्स अर्धा तास ठेवले तर कडवटपणाचा हिशेब पार कोलमडतो आणि वाफेबरोबर तेलंही उडतात. ८० ला सिम्को ६० ग्रॅम आणि सेंटेनियल ४० ग्रॅम, २५ मिनिटं, झाकण ठेवून. मग १८ अंशांपर्यंत थंड करून भरपूर हवा द्या आणि चिको वंशाच्या (स्वच्छ चवीच्या अमेरिकी एल) कोरड्या यीस्टची साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं. एका पाकिटात भागवू नका. तापमान १८-१९.

ड्राय हॉपला सिम्को ७०, सिट्रा ५० आणि कोलंबस ४०, मिळून १६० ग्रॅम. हे लिटरला ८ ग्रॅमच्या जवळपास जातं, आणि तिथेच थांबायला कारण आहे. ओरेगन स्टेट विद्यापीठात स्कॉट लाफोंटेन आणि टॉम शेलहॅमर यांनी कॅस्केड वापरून लिटरला २ पासून १६ ग्रॅमपर्यंत ड्राय हॉप करून बघितलं. त्यांच्या २०१८ च्या निबंधाप्रमाणे ८ ग्रॅमच्या पुढे लिंबूवर्गी वास त्या प्रमाणात वाढत नाही, उलट चहा आणि पाल्याची चव पुढे येते. दुप्पट हॉप्स म्हणजे दुप्पट वास, असं होत नाही. डबल आयपीए बनवणारे सर्वाधिक माल इथेच वाया घालवतात.

वेळही तशीच. जुन्या रेसिप्यांत बारा-चौदा दिवस लिहिलेले असतात. तेलं दोन-तीन दिवसांत उतरून येतात. त्यापुढे नुसता पाला भिजतो. तीन दिवस ठेवा, रोज एकदा फर्मेंटर हळूच गोल फिरवा म्हणजे तळाला बसलेला हॉप्सचा थर उठतो. हॉप्स टाकताना झाकण उघडं राहील तेवढा वेळ सीओटूची धार आत सोडत राहा. या बिअरचा खरा शत्रू ऑक्सिजन आहे. चार-पाच दिवसांत रंग गढूळ-तपकिरी झाला आणि वास पुठ्ठ्यासारखा लागला तर दोष हॉप्सचा नसतो.

ड्राय हॉपनंतर गुरुत्व पुन्हा उतरायला लागलं तर दचकू नका. हॉप्समध्ये स्टार्च तोडणारे एन्झाइम असतात. यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन ते फोडून साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्रूअर याला हॉप क्रीप म्हणतात. हे नवीनही नाही, ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच ते नोंदवलं होतं. धोका बाटलीत आहे. १.००१ ने गुरुत्व उतरलं की साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १.०११ ला बाटल्या भरल्या आणि आत ती १.००८ ला गेली तर प्रायमिंग साखरेच्या (बाटलीत वायू तयार व्हायला घालतात ती) वर दीड व्हॉल्यूमची भर पडते. अशा बाटल्या फुटतात, आणि काच लांब उडते. क्रायोमध्ये पाला कमी म्हणून क्रीप बहुधा कमी. ओतायच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये पाला मागेच राहतो, त्यामुळे तिथे हा त्रास जवळपास नाही.

उपाय धीराचा आहे. ड्राय हॉप १८ अंशांवर, यीस्ट अजून तरंगत असताना करा. तीन दिवसांनी गुरुत्व मोजा, मग रोज. सलग तीन दिवस आकडा हलला नाही तरच पुढे जा. त्याआधी डायअसेटिल (लोण्याचा वास देणारं संयुग) तपासा, कारण क्रीपमध्ये यीस्ट ते पुन्हा सोडतं. दोन झाकणवाल्या बाटल्यांत थोडी थोडी बिअर घ्या, एक ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारख्या थंड करून हुंगा. गरम केलेलीत लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर अजून तयार नाही, २० अंशांवर आणखी दोन दिवस द्या.

मग २ अंशांवर ४८ तास. या थंडीत पेलेट्सची बारीक भुकटी खाली बसते. ती तरंगत राहिली तर घशाला मिरचीसारखी आग होते, आणि लोक त्याला कडवटपणा समजून पुढच्या वेळी एक्स्ट्रॅक्ट कमी करतात. पहिल्या ग्लासात घसा जळला तर रेसिपीला हात लावण्याआधी आठवडाभर थंडीत ठेवून पुन्हा चाखा.

कडवटपणा तरीही टोचत असेल तर क्रमाने बघा. पाण्यात सल्फेट ३०० च्या वर गेलं का? व्हर्लपूल ८० च्या बराच वर झाला का? शेवटचं गुरुत्व १.००८ च्या खाली गेलं का? एवढी सुकी झाली तर ७५ आयबीयूदेखील शंभरासारखे लागतात. बिअरचा पीएच ४.६ च्या वर असेल तर त्याचा दोष ड्राय हॉपकडे जातो. हॉप्स पीएच चढवतात आणि चढलेल्या पीएचला कडूपणा जिभेवर रेंगाळतो. व्हर्लपूलच्या आधी थोडं लॅक्टिक ॲसिड घालून वर्टचा पीएच ५.० च्या जवळ आणला तर पुढची चढ सोसते. उलट बिअर गोड वाटली तर आधी शेवटचं गुरुत्व बघा. १.०१६ ला अडकलेल्या बिअरमध्ये कितीही एक्स्ट्रॅक्ट घाला, ती गोडच लागणार.

उघडलेली पाकिटं दाबून हवा काढून व्हॅक्यूम सील करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. झिपलॉकची साधी पिशवी चालत नाही, तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. पुढचा घाणा करताना एक्स्ट्रॅक्ट, माल्ट आणि पाणी तेच ठेवून फक्त ड्राय हॉपमधला सिट्रा बदला, तिथे मोझेक किंवा नेल्सन सॉव्हिन घाला. दोन घाण्यांतला फरक कोणत्या जातीचा, ते पहिल्या घोटात कळेल. भरून झाल्यावर बिअर थंडच ठेवा आणि सहा आठवड्यांत संपवा. सातव्या आठवड्यात कडवटपणा तसाच असतो, सिट्राचा वास मात्र निम्म्यावर आलेला असतो.